सोयाबीनवरचे पिवळे दोरे: बुरशीनाशक मारू नका, ही अमरवेल आहे

सध्या बहुतेक प्रश्न एकाच प्रकारचे येत आहेत. सोयाबीनवर, तुरीवर, लसूणघासात पिवळे-नारिंगी दोरे दिसतात, हे काय? एका शेतकऱ्याने लिहिले आहे की कृषी सेवा केंद्रातून दिलेले बुरशीनाशक मारले, वर टॉनिकही मारले, तरी दोरे वाढतच आहेत. वाढणारच. ही अमरवेल आहे. बुरशीनाशकाने तिचे काही बिघडत नाही आणि टॉनिकाने पीक पोसले तर फायदा तिचाच, कारण ती पिकाच्या रसावरच जगते.

आधी ओळख पक्की करा. दोरा दिसला म्हणजे अमरवेल, असेही नाही. कर्टुल्यासारख्या वेलींना तणावे असतात. ते पेरापासून फुटतात, आणि मागे पाने असलेली हिरवी वेल व जमिनीत मूळ सापडते. हरणखुरीही पिकाला विळखा घालते, पण तिला पाने आहेत, मूळ आहे. अमरवेलीत दोरा हाच सगळा वेल. पान नाही, मूळ नाही, हिरवेपणा जवळजवळ नाही. पिकावर कोणी उकडलेल्या शेवया फेकाव्यात तशी दिसते. खात्री करायची तर सोयाबीनच्या खोडावरचा एक विळखा हळूच उलगडा. आतल्या बाजूला बारीक दाण्यांसारख्या गाठींची रांग दिसेल. ती तिची शोषकमुळे, ती खोडात रुतलेली असतात. हे दिसले की दुसरे काही असण्याचा प्रश्न नाही.

धुऱ्यावरच्या बोरीवर किंवा बाभळीवर जाड दोऱ्यांची अमरवेल असते, ती याच कुळातली पण वेगळी जात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूतल्या झुडपांवर जे हिरवट, तारेसारखे दोरे पसरतात ती तर अमरवेलच नव्हे, ती दालचिनीच्या कुळातली परजीवी वेल आहे.

आता मुद्द्याचे. अमरवेलीचे बी जमिनीत उगवते तेव्हा नुसता एक दोरा वर येतो आणि आधार शोधत फिरतो. आठवडाभरात जवळ झाड सापडले नाही तर तो वाळून जातो. सापडले की विळखा घालतो, आणि मग जमिनीकडचा भाग स्वतःच सुकतो. म्हणजे तुम्हाला पिकावर दोरे दिसतात तोपर्यंत तिचा जमिनीशी संबंध संपलेला असतो. अशा वेळी डवरणी (ओळींमधली कोळपणी) करून काय तोडणार? उलट डवऱ्याला अडकलेले तुकडे पुढच्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, जातात आणि तिथे पुन्हा चिकटतात. डवरणी करायची ती विळखा बसण्याआधी. नंतर त्या पट्ट्यातून डवरा नेऊ नका. नेऊच नका.

तणनाशकाचेही तसेच. वेळ एकच आहे: पेरणीनंतर 48 तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, पेंडीमिथॅलीन. डब्यावर 30 ईसी असेल (ईसी, सीएस हे औषधाचे प्रकार) तर एकरी 1 ते 1.3 लिटर, 38.7 सीएस असेल तर 700 मिली, दोन्हींपैकी एकच. पाणी 200 लिटर, नोझल फ्लॅट फॅन, म्हणजे चपटा फवारा देणारे. लेबलवर तुमच्या पिकाचे नाव आहे का, ते आधी वाचा. दुकानदार म्हणेल, ‘अमरवेल चिवट आहे, डबल घ्या.’ घेऊ नका. डबल मात्रेने सोयाबीनची उगवण मार खाते. पीक वीस-पंचवीस दिवसांचे झाल्यावर कोणी ‘आता हे मारा, दोरे जळतील’ म्हणून इमॅझेथापायर हे तणनाशक दिले तरी विळखा बसलेल्या अमरवेलीवर भरवसा ठेवू नका. आणि ग्लायफोसेट? उभ्या सोयाबीनमध्ये ‘नेमके पट्ट्यावर मारा’ असे सांगणारे दुकान बदला. पीकही जाईल. त्यात 2022 पासून ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने निर्बंध घातले आहेत. पुन्हा सांगतो, पिकावर दोरा दिसल्यावर बाटली घ्यायला जाऊ नका. बाटलीची वेळ गेलेली असते.

मग करायचे काय? पेरणीनंतर पंधराव्या दिवसापासून दर चार-पाच दिवसांनी शेतात तास धरून फिरा. एखाद-दुसऱ्या झाडावर दोरा दिसला की दोरा ओढत बसू नका, रुतलेल्या गाठींतून तो पुन्हा फुटतो. झाडासकट उपटा, भोवतीची दोन-चार झाडेही काढा, पोत्यात भरून बाहेर न्या आणि जाळा. चार झाडांचा जीव तुटतो म्हणून लोक थांबतात आणि ऑगस्टअखेर अर्धा गुंठा पिवळा होतो. पांढऱ्या फुलांचे झुबके यायच्या आत हे संपले पाहिजे. एका वेलीला हजारो बिया धरतात आणि त्या जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहतात.

ज्या शेतात ती भरपूर झाली तिथे पुढची दोन-तीन वर्षे ज्वारी किंवा मका घ्या. गवतवर्गीय पिकांवर ती जगत नाही. हे मी प्रत्येक गावात सांगतो आणि प्रत्येक गावात ‘सोयाबीनशिवाय परवडत नाही’ हे उत्तर मिळते. ठीक आहे, निदान बाधित तुकड्यात तरी घ्या. बियाणे अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर, त्याला शेतकरी ओळख क्रमांक लागतो. बाकी तपशील सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक).

लसूणघास करणाऱ्या दूधवाल्यांसाठी वेगळे. तिथे अमरवेल बहुतेक वेळा बियाण्यातूनच येते, तिचे बी लसूणघासाच्या बियांपेक्षा बारीक, भुरकट असते. सुटे, स्वस्त बी घेऊ नका, निळ्या टॅगचे प्रमाणित बी पावती घेऊन घ्या. लसूणघासाच्या वाफ्यात पट्टा दिसला तर फुलाआधी जमिनीलगत कापून तिथेच वाळवून जाळा. फूल-बोंड धरलेला पाला जनावरांना घालू नका. बी पोटातून जसेच्या तसे शेणात उतरते आणि न कुजलेल्या खतातून तुमच्याच दुसऱ्या शेतात जाते.