चार अक्षरांचा निकाल आणि चौदा दिवसांची वही

प्रश्न: मी सतरा वर्षांची आहे. पुढचा अभ्यासक्रम निवडायला चार महिने उरलेत. गेल्या तीन महिन्यांत मी ऑनलाइन अकरा व्यक्तिमत्त्व चाचण्या दिल्या. एकाच साईटवर आधी ‘आयएनएफपी’ आले, पाच आठवड्यांनी ‘आयएनटीपी’. पहिल्यात ‘भावना’ 53 टक्के होती, दुसऱ्यात 46. एक निकाल म्हणतो लेखन किंवा समुपदेशन, दुसरा म्हणतो संशोधन. घरचे वकिली सुचवतात, पण मी अंतर्मुख आहे, म्हणजे वकिली बादच ना? रोज रात्री डायरी लिहिते, त्यातूनही काही कळत नाही. यातली खरी मी कोणती?

उत्तर: आधी ते बदललेलं अक्षर बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू झालाय. या निकालातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एका पट्टीची एक बाजू; तुझं तिसरं अक्षर ‘एफ’ (भावना) होतं, त्याचं ‘टी’ (विचार) झालं. 53 वरून 46 म्हणजे सात टक्क्यांचा फरक. त्या पट्टीवर बारा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला सात पर्याय आहेत असं धर. पाच प्रश्नांत तू एकेक पायरी इकडची तिकडे सरकलीस, की सात टक्के हलले. त्या दिवशी कोणाशी वाजलं असेल किंवा झोप कमी झाली असेल, तर एवढं सहज होतं. तू जवळजवळ जागच्या जागीच आहेस. रेघ 50 वर मारलेली असल्यामुळे अक्षर तेवढं उलटलं. अशा पट्ट्यांवर बहुतेक माणसं मधल्या भागातच असतात, त्यामुळे हे तुझ्या एकटीचं दुखणं नाही. यापुढे 40 ते 60 मधल्या आकड्याला अक्षर देऊच नकोस, तिथे आडवी रेघ मार. तुझे दोन्ही निकाल या नियमाने पुन्हा लिहिलेस तर तिसऱ्या अक्षराच्या जागी दोन्हीकडे रेघच येईल आणि भांडण मिटेल.

या अक्षरांचं मूळही माहीत असू दे. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचं व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरचं पुस्तक 1921 साली आलं. त्याच्या आधाराने कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी अमेरिकेत प्रश्नावली रचली; तिची पहिली पुस्तिका 1962 ची. मोबाईलवर फुकट मिळतात त्या बहुतेक चाचण्या म्हणजे ती प्रश्नावली नव्हेच, अक्षरं तेवढी उसनी घेतलेली असतात. एका लोकप्रिय साईटवर तर चार अक्षरांपुढे रेघ मारून पाचवंही येतं. म्हणून दोन साईटवरचं ‘आयएनएफपी’ एकच असेल असं धरू नकोस. आणि मूळ चाचणीचे प्रकाशकसुद्धा सांगतात की नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नका. मालकाने जिच्यावरून माणूस निवडायचा नाही, तिच्यावरून तू अख्खं करिअर निवडायला निघाली आहेस.

मग वर्णन वाचताना ‘अगदी मीच’ असं का वाटतं? 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांच्या हातात शब्दन् शब्द तोच मजकूर होता, आणि तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. ‘तू बाहेरून शांत दिसतेस, पण आत खूप विचार चालू असतात’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

तुझ्या निकालावर हे घरीच तपासता येतं. तुझ्या प्रकाराचं आणि आणखी तीन प्रकारांचं वर्णन कागदावर उतरव. त्या तिघांतला एक तुझ्या बरोबर उलटा असू दे. मथळे आणि प्रकाराची नावं काढून टाक. तुला रोज बघणाऱ्या दोघांना वेगवेगळं बसवून विचार, यातली मी कोणती. मग स्वतः उलट्या प्रकाराचं वर्णन वाच आणि त्यातलीही जी वाक्यं तुला लागू पडतात, ती तुझ्या वर्णनाशी ताडून दोन्हीकडून खोड. शेवटी जी चार-पाच वाक्यं उरतील, तेवढंच त्या निकालात तुझं म्हणून काही होतं.

चाचण्या सोडून दे असं मी म्हणत नाही. पण तीन वेगळ्या गोष्टी तू एकाच पोत्यात भरल्या आहेस: स्वभाव, कल आणि क्षमता. स्वभाव म्हणजे तू साधारण कशी वागतेस, कल म्हणजे तुला काय करायला आवडतं, आणि क्षमता म्हणजे काय जमतं. तुझ्या अकराही चाचण्या पहिल्याच गोष्टीच्या. अभ्यासक्रम निवडताना कलाची चाचणी जास्त कामाची. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये कामांची सहा गटांत मांडणी केली: हातांनी आणि यंत्रांनी करायची कामं, शोधक, कलात्मक, माणसांना मदत करण्याची, माणसांना पटवण्याची आणि पुढाकाराची, आणि नोंदी-व्यवस्थेची. अमेरिकेच्या श्रम विभागाचा ‘ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर’ याच सहा गटांवर बेतलेला आहे. प्रश्न 60, फुकट आहे, अर्ध्या तासाच्या आत होतो. सर्वात जास्त गुण आलेले तीन गट तेवढे घे. त्यापुढची व्यवसायांची यादी, पगार आणि पात्रता तिथल्या आहेत, त्या सोड. स्वभावासाठी काही द्यायचंच असेल तर ‘इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल’ या खुल्या प्रश्नसंग्रहातली 120 प्रश्नांची चाचणी दे. ती पाच गुणांवर चालते आणि तुला कुठल्या प्रकारात न कोंबता प्रत्येक गुणावर तू कमी, मध्यम की जास्त ते सांगते. त्या पाचांतला नेटकेपणा-चिकाटी हा गुण जवळपास सगळ्याच प्रकारच्या कामांत उपयोगी पडताना दिसतो. तो वयाबरोबर, विशेषतः विशीत, वाढतोही. म्हणून सतराव्या वर्षीचा कमी आकडा बघून हबकू नकोस.

उत्तरं कशी देतेस यावरही बरंच अवलंबून आहे. ‘मला लोकांमध्ये राहायला आवडतं’ असा प्रश्न आला की आपण मनातल्या मनात विचारतो, कुठले लोक? आणि उत्तर ठरतं ते नुकत्याच भेटलेल्या माणसावरून. त्याऐवजी गेल्या महिन्यातले तीन प्रसंग आठव आणि त्यांवरून पर्याय निवड. एकही प्रसंग आठवला नाही तर मधला पर्याय. कसं असायला हवं होतं ते लिहू नकोस. नेटकेपणाच्या प्रश्नांवर हात हमखास तिकडे वळतो. परीक्षेच्या किंवा भांडणाच्या दिवशी बसू नकोस, शेजारी मैत्रीण डोकावत असतानाही नको. प्रश्न ज्या भाषेत चटकन कळतो त्याच भाषेत दे. काही प्रश्न मुद्दाम उलटे घातलेले असतात (‘मी कामं अर्धवट सोडते’), घाईत तिथेच घोळ होतो. आणि एकच चाचणी तीन-चार आठवड्यांच्या आत पुन्हा देऊ नकोस, नाहीतर आधीची उत्तरं आठवून लिहिली जातात.

पण प्रसंग आठवायचे तर ते कुठेतरी टिपलेले हवेत. तुझी डायरी इथे कमी पडते. रात्री दमल्यावर ‘आजचा दिवस कसा होता’ लिहायला बसलं की शेवटच्या तासाचा मूड दिवसभरावर पसरतो. शिवाय डायरीत येतो तो दिवसाचा सगळ्यात चांगला किंवा सगळ्यात वाईट प्रसंग. मधले दहा तास, ज्यांनी पुढे नोकरीतला दिवस भरणार आहे, ते गायबच.

2004 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी दिवसाची नोंद घेण्याची एक पद्धत मांडली: काल काय झालं ते आज लिहायचं, दिवसाचे तुकडे पाडून, एकेक तुकडा साधारण पाव तास ते दोन तासांचा. तीच थोडी वळवून घे. सकाळी, मोबाईल हातात घेण्याआधी, पंधरा मिनिटं. आठ ते बारा तुकडे पुरेत. रकाने सहा: वेळ, काय केलं, कोणाबरोबर, सुरुवात कोणी केली (स्वतः की सांगितलं म्हणून), लक्ष किती लागलं, 0 ते 3, आणि संपल्यावर कसं वाटलं, उणे 2 ते अधिक 2. नमुना असा:

4.10 ते 5.00 – मैत्रिणीला गणित समजावलं – दोघी – तिने विचारलं – 3 – अधिक 1
8.30 ते 9.40 – मोबाईलवर व्हिडिओ – एकटी – स्वतः – 2 – उणे 1

शेवटचा रकाना कधीही गाळू नकोस. वेळ कसा गेला कळलं नाही, हे आवडीचं लक्षण म्हणून नेहमी सांगतात. मोबाईलवरही वेळ कळत नाही. दोन्हींतला फरक संपल्यानंतर कळतो. उलट एखादं अवघड गणित सोडवून तू उणे 1 लिहिशील आणि लक्ष मात्र 3 असेल. तो कंटाळा नव्हे, थकवा आहे, आणि अशा ओळींवर खूण करून ठेव.

असे चौदा दिवस, सुट्टीचे धरून. ‘काय केलं’ मध्ये विशेषणं नकोत. ‘छान अभ्यास झाला’ यातून काहीच मोजता येत नाही. ‘तीन धड्यांचे मुद्दे तक्त्यात बसवले’ यातून येतं. एक दिवस चुकला तर चुकला, दोन दिवसांपूर्वीचं आठवून भरू नकोस. तिथे पुन्हा कल्पना घुसते. चौथ्या-पाचव्या दिवशी हे सगळं निरर्थक वाटेल. ते ठरलेलंच आहे, कारण वाचण्याजोगं काही अजून साठलेलंच नसतं. तोवर वही चाळूही नकोस.

पंधराव्या दिवशी प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद दे: समजावणं, शोधणं, जुळवणं, लिहिणं, दुरुस्त करणं, वाद घालणं, वाट बघणं. विषयाचं नाव नको. ‘इतिहास आवडतो’ म्हणणाऱ्या तिघांत एकाला गोष्ट सांगायला आवडते, दुसऱ्याला पुरावे ताडायला, तिसऱ्याला नकाशे काढायला. तिघांची कामं पुढे वेगळी होतात. मग प्रत्येक क्रियापद किती वेळा आलं, त्याचं लक्ष आणि नंतरचं वाटणं सरासरी किती, ते मोज. चार वेळांपेक्षा कमी आलेल्यावरून काही ठरवू नकोस. तेच काम एकटीने केलंस तेव्हाचे आणि इतरांबरोबर केलंस तेव्हाचे आकडे शेजारी मांड. ‘मी अंतर्मुख आहे’ या वाक्याची खरी परीक्षा या दोन आकड्यांत आहे. पुष्कळदा निघतं ते असं की माणसं नकोशी नव्हती, घोळक्यातली निरर्थक बडबड नकोशी होती; एका माणसाशी नेमक्या विषयावर बोलताना आकडे वरच होते.

आता वकिली. कोर्टात उभं राहून बोलणं हा त्या कामाचा एक भाग. बाकी दिवसात कागद वाचणं, जुने निकाल शोधणं, मसुदा लिहिणं, अशिलाचं म्हणणं ऐकून त्यातलं महत्त्वाचं वेगळं करणं. काही वकील कोर्टाची पायरी क्वचितच चढतात. करार तपासण्यातच त्यांचा दिवस जातो. म्हणून ‘अंतर्मुख, म्हणून वकिली बाद’ हे गणित चुकलं. त्याचबरोबर ‘अंतर्मुख, म्हणून समुपदेशन’ हेही चुकलं: तिथे दिवसाला पाच-सहा माणसांचं दुःख एकामागोमाग ऐकायचं असतं, आणि तेही नोंदी ठेवत.

वकिली, समुपदेशन, संशोधन – तिन्ही यादीत ठेव आणि प्रत्येक कामातल्या एका माणसाला गाठ. ‘तुम्हाला तुमचं काम आवडतं का’ हे विचारू नकोस, त्यावर भाषण मिळतं. ‘काल सकाळपासून काय काय केलंत, तासातासाने सांगाल का?’ असं विचार. त्यांच्या दिवसाचीही क्रियापदं काढ आणि तुझ्या वहीशेजारी ठेव. ज्या कामात दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ तुझ्या वरच्या चार क्रियापदांत जातो, ते हाताने करून बघ, दहा-बारा तास तरी: वकिलीसाठी एखादा छापील करार वाचून त्यातल्या अटी सोप्या भाषेत लिहिणं, संशोधनासाठी एक छोटा प्रश्न घेऊन माहिती जमवून तक्ता करणं. समुपदेशन असं हौसेने करून बघण्यासारखं नाही. कोणाला सल्ला न देता नुसतं अर्धा तास ऐकून घ्यायला जमतं का, एवढंच बघ. या सगळ्याला सहा-सात आठवडे लागतील. चार महिन्यांत ते बसतं, फक्त अकरा चाचण्यांवर आता बारावी नको.

चाचण्यांवरून आठवलं: फेसबुकने लॉगिन करायला लावणाऱ्या चाचण्या देऊ नकोस. 2018 मध्ये उघड झालं की अशाच एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या अॅपमधून, ती देणाऱ्यांच्या मित्रयादीतल्या लोकांसह, 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या कंपनीकडे गेली असावी. पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव, पाळीव प्राण्याचं नाव असलं काही विचारणारी क्विझ तर लगेच बंद कर. काही ठिकाणी पासवर्ड विसरल्यावर हेच प्रश्न येतात. निकालानंतर ‘सविस्तर अहवाल’ विकत घ्या असं सांगतात, तोही नको. पैसे भरून वर्णनाची लांबी वाढते, तुझी उत्तरं तीच राहतात.

वहीत चौदाही दिवस जवळपास सगळ्याच ओळी उणे निघाल्या, झोप आणि भूकही बिघडलेली असेल, तर करिअरचा प्रश्न बाजूला ठेव आणि घरच्यांना सांगून डॉक्टरांना भेट. अशा काळात भरलेल्या कुठल्याही चाचणीचा आकडा निवडीसाठी धरायचा नसतो.

पुढच्या पत्रात चार अक्षरं नकोत. सर्वात जास्त वेळा आलेली पाच क्रियापदं, त्यांचे आकडे आणि लक्ष 3 पण नंतर उणे 1 अशा खूण केलेल्या ओळी पाठव. त्यावरून तिन्ही अभ्यासक्रमांचं बोलू.