पेटीतले जेट इंजिन पुन्हा चालू करताना

प्रश्न : माझे काका जर्मनीत होते. त्यांनी २००१ साली घरी जुळवलेले के.जे.-६६ जातीचे मॉडेल विमानाचे जेट इंजिन पंप, नियंत्रक आणि नळ्यांसह माझ्याकडे आले आहे. पंधरा वर्षे ते पेटीत होते. पुढचे चाक बोटाने फिरते, पण किंचित जड लागते. सरळ पेटवून पाहावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पेटवू नये, निदान इतक्यात तरी नाही. या इंजिनाच्या नावातला ६६ हा आकडा कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पुढच्या चाकाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. मोटारीच्या टर्बोचार्जरमधून घेतलेले हे चाक पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे १,१७,००० फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या घरात, ध्वनीपेक्षाही अधिक असतो. (याच परंपरेतल्या, जर्मन रचनाकार कुर्ट श्रेकलिंग यांच्या आधीच्या इंजिनात हे चाक प्लायवूडचे असून त्याला कार्बन तंतूंचे बळ दिलेले होते, हे आज सांगूनही पटत नाही.) अशा वेगाला बोटाला जाणवणारा जडपणा क्षुल्लक समजता येत नाही.

जडपणाचे पहिले कारण बहुधा वाळलेले तेल असते. या इंजिनात बेअरिंगसाठी तेलाची निराळी टाकी नसते. रॉकेलमध्येच तेल मिसळलेले असते आणि त्या मिश्रणाचा थोडा भाग एका बारीक नळीतून बेअरिंगकडे जातो. इंजिन न धुता ठेवले की रॉकेल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो. तो बेअरिंगमध्ये असेल तर निदान हाताला कळतो. पण त्या बारीक नळीत असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन झकास पेटते, वेग घेते आणि कोरड्या बेअरिंगवर धावून थोड्याच वेळात रोटरसकट, म्हणजे शाफ्ट आणि त्यावरच्या चाकांसकट, निकामी होते. म्हणून माझ्या मते सारे काम या नळीपासून सुरू व्हावे. इंजिन शेपटी खाली करून उभे धरावे, वंगणाच्या नळीला इंजेक्शनची सिरिंज जोडावी आणि स्वच्छ रॉकेल हलक्या दाबाने सोडावे. ते सहज आत गेले पाहिजे. अडत असेल तर जोर न करता रात्रभर भिजू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

मग चाक फिरवून सोडावे. ते हळूहळू मंदावत थांबले तर ठीक. एकाच जागी गचकन थांबत असेल, खरखरत असेल किंवा कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोके आवरणाला घासत असतील तर बेअरिंग बदलावेच लागेल. इथे एक मोह टाळावा. या बेअरिंगचे माप ६०८, म्हणजे ८ मिलिमीटरचे भोक आणि २२ मिलिमीटरचा बाहेरचा व्यास. नेमके हेच माप स्केटच्या चाकातल्या बेअरिंगचे असते आणि ते कोणत्याही दुकानात मिळते. ते बसेल, पण टिकणार नाही. टर्बाइनसाठी, म्हणजे अशा जेट इंजिनासाठी, सिरॅमिक गोळ्यांचे, या वेगासाठीच बनवलेले बेअरिंग घ्यावे. उघडण्यापूर्वी शाफ्ट, चाके आणि नट यांच्यावर जुळणीच्या खुणा करून ठेवाव्यात आणि जोडल्यावर रोटरचे संतुलन जाणकाराकडून तपासून घ्यावे.

पिवळ्या, ताठ झालेल्या सर्व इंधननळ्या टाकून द्याव्यात, कारण त्यांच्या सांध्यातून हवा शिरली की ज्वाला विझते. पंप वाटीतून वाटीत रॉकेल ओढून चालवून पाहावा. जुनी बॅटरी नवी घेणेच बरे.

पहिल्या वेळी इंजिन भक्कम बाकावर बांधून उघड्यावर चालवावे. चाकांच्या रेषेत, म्हणजे इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला, कोणीही उभे राहू नये. आग लागल्यास कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरावा. पावडरने आग विझेल, पण इंजिनही संपेल. एकदा न पेटल्यास लगेच दुसरा प्रयत्न करू नये. आत साचलेले रॉकेल शेपटी खाली करून काढावे आणि स्टार्टरने कोरडे फिरवावे. नाहीतर दुसऱ्या ठिणगीला ज्वाला मागून हातभर बाहेर येते.

प्रश्न : अशा इंजिनाला रेशनचे निळे रॉकेल आणि स्कूटरचे टू-स्ट्रोक तेल चालते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : रेशनचे रॉकेल घरगुती वापरासाठी असते, ते दुसरीकडे वळवणे कायद्यात बसत नाही. खुल्या विक्रीचे पांढरे रॉकेल बारीक फिल्टरमधून गाळून घ्यावे. तेल मात्र विमानाच्या टर्बाइनचेच, सामान्यतः ५ टक्के, म्हणजे लिटरला ५० मिलिलिटर घालावे. हे तेल त्वचेला घातक असते, तेव्हा मिसळताना हातमोजे घालावेत आणि त्याची रिकामी बाटली स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू नये.