जुन्या गाडीच्या बॉनेटवर, टपावर आलेले ठिपके धुऊन जात नाहीत, फुल पेंटच करावा लागेल का?

नाही हो, फुल पेंटचा विचार एवढ्यात नको. तुमच्या वर्णनात मला एक नाही, निदान दोन वेगळे प्रकार दिसतायत. बॉनेट आणि टपावर पांढरट गोल ठिपके, आणि दारांच्या खालच्या भागात तांबूस बारीक टिपके. शाम्पूने दोन्ही गेले नाहीत म्हणून गॅरेजवाल्याने तुम्हाला कंपाउंड (रंगाचा वरचा थर खरवडणारी खरखरीत पेस्ट) मारून पॉलिश नाहीतर पूर्ण रंग असे दोनच पर्याय दिले. माझं म्हणणं असं की डाग रंगाच्या वर बसलाय, रंगात उतरलाय की रंगाच्या खालून वर येतोय हे आधी ठरवा. तिन्हीचा इलाज वेगळा आहे आणि नुसता वर बसलेला डाग काढायला मशीन फिरवलं तर चांगला थर उगाच जातो, तो परत येत नाही.

आणि थर असतो तरी किती, कंपनीचा रंग पत्र्यालगतच्या प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापर्यंत, सगळा मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातला क्लिअर कोट 40-50च्या आसपास, म्हणजे डोक्याचा केससुद्धा बहुधा त्याहून जाड भरेल. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने किती वेळा पॉलिश करून घेतलंय हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून उरलेला थर जपायचा.

गाडी सावलीत लावा, नीट धुवा, कोरडी करा, पत्रा गार असू दे. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं अगदी हलकी ठिपक्यांवरून फिरवा. नुसत्या बोटाला जे लागत नाही ते पिशवीतून लागतं. बारीक कचकच लागली तर काहीतरी वर चिकटलंय. गुळगुळीत लागतं पण डाग दिसतोय, किंवा नखाला बारीक खळगा लागतो, तर डाग आत गेलाय. आणि फुगवटा लागला तर खाली गंज आहे असं धरून चाला.

पांढरट गोल ठिपके बहुतेक जड पाण्याचे असतात. पाणी उन्हात वाळून गेलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मागे राहतं, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो तोच हा. साधं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा, मऊ कापड भिजवून एका ठिपक्यावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. ठिपका गेला किंवा फिका झाला तर निदान पक्कं, बाकीच्यांवरही तेच करा आणि शेवटी शाम्पूने परत धुवा. नुसतं ओलं केल्यावर ठिपका दिसेनासा झाला म्हणून खूश होऊ नका, ओल्यात सगळंच लपतं, वाळल्यावर बघा.

तांबूस टिपके बघून लोक घाबरतात की पत्रा सडला. पण गुळगुळीत पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे विखुरलेले असतील तर बहुधा ते बाहेरून आलेले लोखंडाचे कण असतात, ब्रेकच्या धुळीतले किंवा रेल्वेजवळ उडणारे, रंगाला चिकटून तिथेच गंजलेले. त्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं फवाऱ्याचं औषध, मारायचं. हे बघण्यासारखं असतं, मिनिट-दोन मिनिटांत प्रत्येक टिपक्यातून जांभळा ओघळ सुटतो, वासही सडक्या अंड्यासारखा येतो. वाळायच्या आत धुवा. उरलंसुरलं क्ले बारने (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) काढा, पण पॅनल शाम्पूच्या पाण्याने सतत बुळबुळीत ठेवून, आणि क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, त्यात रुतलेला एक खडा अख्ख्या दारावर ओरखडे काढतो. काळे डांबराचे ठिपके निघाले तर टार रिमूव्हर, नाहीतर रॉकेलचा बोळा हलक्या हाताने, आणि लगेच शाम्पू.

एवढं करूनही जे राहिलं ते रंगात उतरलेलं. पक्ष्यांची विष्ठा तापलेल्या बॉनेटवर राहिली की असे खळगे पडतात. इथे पॉलिश लागतंच, पण आधी कोपऱ्यातल्या वीतभर जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश हाताने करून बघा, जमलं तर कंपाउंडकडे जाऊच नका. त्याच वेळी कापड बघा, गाडीचा रंग कापडावर आला तर वर क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंगच घासताय, तिथे हात अजून हलका पाहिजे. पांढरी गाडी असेल तर काळं कापड वापरा म्हणजे कळेल. कडांवर आणि पत्र्याच्या घडीवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे चिकटपट्टी लावून ठेवा. आणि खोल खळगा पूर्ण सपाट करायचा हट्ट धरू नका, थोडा दिसला तरी चालेल, क्लिअर राहिला पाहिजे.

फुगवट्याला मात्र पॉलिशने काही होत नाही. नखाने दाबलं की कुरकुरतो, खाली तपकिरी भुकटी असते. मडगार्डच्या कडा, दाराची खालची बाजू, काचेच्या रबराजवळ खास बघा. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचं, खळग्यात उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज तिथेच थांबवणारं रसायन), आणि इपॉक्सी प्रायमर (पाणी अडवणारा रंगाखालचा थर) त्याच दिवशी, कारण उघडा पत्रा लगेच गंज धरतो. लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरली तर ती उघडी सोडू नका, ती पाणी धरते. पेंटर फुगवट्यावरच रंग मारतो म्हणाला तर दुसरा बघा, काही महिन्यांत तिथेच परत फुगेल.

गंजाच्या फुगवट्याची जागा सोडली तर रंगकाम खरोखर एकाच बाबतीत टळत नाही, क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर. पांढरट चट्टा, त्याची कड वेडीवाकडी, आणि कडेला नख लावलं की पातळ साल निघते, असा तो ओळखू येतो. ऊन जास्त खाणाऱ्या टपावर आणि बॉनेटवर हे आधी होतं. तिथे व्हिनेगर, क्ले, पॉलिश कशाचाच उपयोग नाही, पण तेवढाच पॅनल रंगवता येतो. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली बिल्ल्यावर रंगाचा कोड असतो तो पेंटरला द्या, जुन्या उतरलेल्या रंगाशी जुळवून आधी एका तुकड्यावर नमुना मारून दाखवायला सांगा, आणि बाकीच्या गाडीला हात लावू देऊ नका.