घराचा ठेका : चौरस फुटावर की बाबनिहाय?

प्रश्न : गावी दुमजली घर बांधायचे आहे. एका ठेकेदाराने मालासह चौरस फुटाचा दर सांगितला, दुसऱ्याने बाबनिहाय, म्हणजे प्रत्येक कामाचा वेगळा दर असलेले, दरपत्रक दिले. पहिला स्वस्त दिसतो. तोच स्वीकारावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : तो दर कशावर लावला आहे, हे आधी लेखी घ्यावे. चौरस फुटाचा दर बहुधा स्लॅबच्या क्षेत्रफळावर असतो आणि जोत्यातली भर, पाण्याची टाकी, कुंपणभिंत ही कामे त्यातून अनेकदा वगळलेली असतात. पुढे तीच ‘जादा काम’ म्हणून बिलात येतात व अंदाजपत्रक कोलमडते. म्हणून माझा कल बाबनिहाय दरपत्रकाकडे आहे, कारण त्यातले प्रत्येक परिमाण नकाशावरून तपासता येते. सळईचेच पाहा : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिमीची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. वजनकाट्याची पावती याच्याशी ताडून पाहावी. वाळू ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर, घेत असल्यास गाडी रिकामी होण्यापूर्वी हौदा मोजावा. पैसे तारखेनुसार न देता जोते, स्लॅब, गिलावा अशा पूर्ण टप्प्यांनुसार द्यावेत, आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याची अट करारातच लिहून घ्यावी.