'बसमन्स हनीमून' हाती घेण्याआधी

डोरोथी सेयर्स यांची ही 1937 ची रहस्यकादंबरी थेट उघडू नका. हौशी गुप्तहेर पीटर विम्झी आणि रहस्यकथा लिहिणारी हॅरिएट व्हेन यांचं लग्न सुरुवातीलाच उरकतं. आधीची ओढाताण ठाऊक नसेल तर निम्मी गंमत हुकते. क्रम असा ठेवा: 'स्ट्राँग पॉयझन' (1930), 'हॅव हिज कार्कस' (1932), 'गॉडी नाइट' (1935). घाई असेल तर मधलं गाळा, 'गॉडी नाइट' मात्र गाळू नका.

पत्रं आणि डायरीची सुरुवात रेंगाळते, प्रेतही लवकर सापडत नाही. बरेच वाचक इथेच पुस्तक मिटतात. पण हे मुळात 1936 चं नाटक, त्यामुळे बहुतेक सगळं टॅलबॉईज या घरात घडतं. तुंबलेलं धुराडं, घराच्या किल्ल्या, बैठकीतल्या वस्तूंच्या जागा हे सारं नीट टिपून ठेवा. विनोदी वाटणाऱ्या प्रसंगांतच दुवे पेरलेत. पीटर आणि पोलीस सुपरिंटेंडंट कर्क यांची अवतरणांची जुगलबंदी कळली नाही तरी खुशाल पुढे जा. फ्रेंच संवादांचंही तेच.

खुनी सापडला म्हणून थांबू नका. त्याला फाशी होणार हे पीटरला सोसत नाही, आणि नव्या संसाराची खरी कसोटी तिथे लागते. (खुनाची पद्धत मला जरा ओढूनताणून वाटते, पण ते चालतं.)