एकाच बाजूचा एक्झॉस्ट होज का तापतो?

प्रश्न : तारकर्लीला पर्यटकांना फिरवण्यासाठी आमची व्ही-8 पेट्रोल इनबोर्ड इंजिनाची बोट आहे. इंजिनात समुद्राचे पाणी थेट फिरते. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली होती. हंगामाआधी पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे रबरी चाक) बदलला, तेव्हा जुन्याची दोन पाती तुटलेली निघाली. आता डावा एक्झॉस्ट होज (इंजिनाचा धूर बाहेर नेणारी रबरी नळी) इतका तापतो की रबर जळल्याचा वास येतो; उजवा गार असतो. तापमानाचा काटा जागच्या जागी आहे, म्हणून मेकॅनिक ‘चालवत राहा’ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, मालवण

उत्तर : दोष सापडेपर्यंत बोट बाहेर काढू नये. काटा इंजिनाच्या ब्लॉकमधल्या पाण्याचे तापमान दाखवतो. होजमध्ये काय चालले आहे, याची त्याला वार्ताही नसते. इंजिनातून निघणारा धूर कित्येक शे अंश सेल्सिअस तापलेला असतो, आणि राइजरच्या (धूर होजकडे वळवणाऱ्या बिडाच्या नळीच्या) टोकाशी त्यात समुद्राचे पाणी मिसळते म्हणूनच तो रबरी होजमधून जाऊ शकतो. ते पाणी कमी पडले की होज आतून करपत जातो आणि फुटला तर कार्बन मोनॉक्साइड बोटीत पसरतो, ज्याला स्वतःचा वास नसतो.

उजवी बाजू गार आहे, ही माहिती मोलाची आहे. गाळणी आणि पंप दोन्ही बाजूंना सामाईक असल्यामुळे त्यांच्यावर सहसा संशय घेण्याचे कारण उरत नाही. अडथळा पाण्याची वाट दुभंगते त्याच्या पुढे, डाव्या अंगाला असला पाहिजे. पहिला संशय त्या दोन पात्यांवर घ्यावा. ती कुठे गेली, हे आपल्या पत्रात नाही, आणि नवा इंपेलर बसवणाऱ्यानेही बहुधा विचारले नसावे. असे तुकडे पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) घरात किंवा मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांचा धूर एकत्र करून राइजरकडे देणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकून बसतात.

बोट पाण्यात असताना, इंजिन थंड असताना आणि कप्प्यातील पेट्रोलची वाफ ब्लोअरने काढून टाकल्यावर, मॅनिफोल्डकडे पाणी नेणाऱ्या दोन्ही नळ्या सोडवून दोन बादल्यांत धराव्यात आणि इंजिन मंद गतीवर दहा-पंधरा सेकंदच चालवावे. डाव्या बादलीत पाणी कमी आले, तर नळी व थर्मोस्टॅटचे घर उघडून तुकडे शोधावेत. दोन्हीकडे सारखे आले, तर दोष पुढे आहे.

तेव्हा राइजर खोलावा लागेल. खाऱ्या पाण्यात बिडाचा राइजर आतून गंजतो, आणि त्या गंजाचे पोपडे टोकाची छिद्रे बुजवतात. अशा वेळी होजचे वरचे अंग तापते व खालचे गार राहते, कारण पाणी चहूबाजूंनी न उडता तळाशीच वाहते. हे हाताने नव्हे, इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासावे. काही जण राइजर ॲसिडने धुऊन पुन्हा बसवतात; मला ते पटत नाही, कारण गंजाबरोबर उरलेले पातळ बीडही खाल्ले जाते आणि पुढे आतल्या आत गळून पाणी सिलिंडरमध्ये उतरते. पाच-सहा वर्षांचा राइजर असेल तर जोडीने बदलावा. गॅस्केट चुकीचे किंवा उलटे बसल्यानेही पाण्याची वाट बंद होते, हेही पाहून घ्यावे.

तापलेला होज मात्र कसाही बदलायचाच. बाहेरून धड दिसला, तरी आतला थर सुटून लोंबत असू शकतो. ट्रकचा रेडिएटर होज इथे चालत नाही. सागरी एक्झॉस्टचाच घ्यावा आणि प्रत्येक टोकाला स्टेनलेसच्या दोन क्लिपा लावाव्यात.

प्रश्न : दाभोळच्या खाडीतून बाहेर पडताना आमच्या बोटीचे दोन्ही होज तापतात.
— एक वाचक, दापोली

उत्तर : दोन्ही तापतात म्हणजे पाणी आतच कमी येते. सीकॉक (समुद्राचे पाणी आत घेण्याच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह) बंद करून आधी गाळणी उघडावी. गाळ, प्लास्टिकची पिशवी किंवा जेलीफिश यांपैकी काहीतरी तिथे बहुधा सापडेल. गाळणी स्वच्छ निघाली, तर बोटीच्या बुडाशी पाणी घेण्याच्या तोंडावर कालवे धरली आहेत का ते पाहावे आणि मगच इंपेलर काढावा.