कमी बजेटमधला, सुपारी घेऊन खून करणाऱ्यांवरचा एखादा हिंदी थ्रिलर सुचवाल का?

‘बाबूमोशाय बंदूकबाज’ बघा. २०१७ चा, दिग्दर्शक कुशान नंदी. उत्तर प्रदेशातल्या लहानशा गावात नवाजुद्दीन सिद्दिकीचा बाबू पैसे घेऊन माणसं मारतो, तेही अगदी रोजचं काम उरकल्यासारखं. मग बांके (जतीन गोस्वामी) येतो. बाबूचाच चाहता, धंदाही तोच, आणि दोघांकडे सुपारी त्याच माणसांची! मग काय, आधी कोण उडवतो याची पैजच लागते. इथला काळा विनोद झकास जमलाय. चपला शिवणारी फुलवा (बिदिता बाग) नुसती शोभेला नाही, हेही बरं.

पैसा बेताचाच लागलाय. चकाचक गाड्या, परदेशी लोकेशन वगैरे काही नाही. पण धूळ, बोळ, कळकट खोल्या यांनीच रंग चढतो. उत्तरार्ध मात्र ताणलाय, एकामागून एक दगाबाजी बघून डोकं भणभणतं.

सेन्सॉर बोर्डाने ‘ए’ प्रमाणपत्र देऊनही ४८ कट सुचवले होते. निर्माते अपिलात गेले आणि ८ किरकोळ कटांवर सुटका झाली. शिव्या आणि शय्यादृश्यं भरपूर आहेत, तेव्हा आईबाबा हॉलमध्ये असताना लावू नका. नवाजसाठी मी तरी पुन्हा बघेन.